बारा माकुळं आणि चाळीस नंबरचा दोरा

आमच्या सरांना आयुष्यात एकाच प्राण्याबद्दल आदर होता, आणि त्याला पाठीचा कणा नव्हता. प्रिन्सिपलचा उल्लेख ते 'तो' असा करत आणि माकुळाचा 'ते' असा. सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"अक्का, आले का ते?"

"आलेत. बादलीत आहेत."

"कसे दिसतात?"

"मेलेले दिसतात."

"ते असू दे की. ताजे आहेत का?"

ज्यांनी माकूळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समुद्रातला जीव आहे. अंग म्हणजे वीतभर लांबीची मऊ नळी, नळीच्या तोंडाशी डोकं, आणि डोक्यालाच हात फुटलेले, आखूड आठ आणि लांब दोन. मंगळूरचे लोक त्याला बोंडास म्हणतात आणि मसाल्यात परतून खातात. माझं माहेर कारवारजवळच्या खाडीवर. आठव्या वर्षापासून मी माकुळं साफ करत आले. शाळा चौथीला सुटली, माकुळं सुटली नाहीत.

लग्न होऊन मी बंगळूरला चिकपेटेत आले. नवरा शिंपी होता. साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज शिवणं. हाताखाली मीही शिकले. तो गेला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि पदरात दोन मुली होत्या. दीर सरळ माणूस होता, आडून बोलत नसे. म्हणाला, "वैनी, पगार आला तर ह्या खोलीत राहा. नाही आला तर मुलींना घेऊन कारवारला जा." कारवारला भावाच्या घरात जेमतेम भावाला जागा होती. शेजारच्या एका बाईनं बसवनगुडीतल्या मुलींच्या कॉलेजात शब्द टाकला आणि मला प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडर म्हणून घेतलं. सहा महिने कच्ची नोकरी. सहा महिन्यांनी सरांनी शेरा लिहायचा, मग ट्रस्टच्या सेक्रेटरींनी सही करायची, मग पक्की. हे नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं आहे.

पहिल्याच दिवशी ऑफिसातला कारकून म्हणाला, "अक्का, तुमचं नशीब. तो माणूस शेऱ्यात खरं लिहितो."

सर बेळगावकडचे, उंच, वाळलेले, आणि पक्के शाकाहारी. चातुर्मासात कांदासुद्धा सोडायचे. दिवसभर माकुळात हात घालायचे आणि घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही मासे खात नाही, पण माशांवरच तुमचं पोट आहे."

"माकूळ मासा नव्हे," सर म्हणाले.

ह्या एका वाक्यासाठी ते कुणाशीही भांडत. सुरुवातीचे काही महिने मासळी बाजारात ते स्वतः माझ्याबरोबर यायचे, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. एकदा परत येताना बसच्या कंडक्टरनं बादली पाहिली आणि म्हणाला, "अक्का, बसमध्ये मासे नकोत. उतरा."

"हे मासे नाहीत," सर म्हणाले. "शंख-शिंपल्यांचे भाऊबंद आहेत. गोगलगायीचे जवळचे नातेवाईक. शंख टाकून दिलाय, एवढंच."

"मग गोगलगायीचं तिकीट काढा."

सरांनी तिकीट काढलं. लगेजचं नव्हे, माणसाचं. बादली माझ्या मांडीवर होती आणि सर उभे होते, म्हणजे तिकिटाप्रमाणे जागा माकुळांची आणि मी फुकट. कंडक्टर दोन थांबे जाईपर्यंत आमच्याकडे बघत राहिला. मला लाज वाटली नाही. चिकपेटेतून येणाऱ्या बसमध्ये लोक याहून विचित्र सामान आणतात.

खाण्याची गोष्ट सांगायला हवी. माकुळाचा मेंदू म्हणे उडदाच्या वड्यासारखा असतो, मधे भोक. आणि घशातून पोटात जाणारी नळी त्या भोकातून जाते. म्हणजे घास मोठा झाला की मेंदूला इजा. सर हे शिकवायचे आणि त्याच दिवशी डब्यातल्या एका इडलीचे सोळा तुकडे करायचे. तुकडे करायला त्यांना मधली सुट्टी पुरायची नाही. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी मोठा घास घेतला तर खाली मान घालून म्हणायचे, "तुम्ही माकूळ नाही म्हणून वाचलात."

गणिताच्या मॅडम एकदा वैतागल्या. "सर, आमची नळी मेंदूजवळून जात नाही."

"मेंदूजवळून काहीच जात नाही, ते तुमच्या तपासलेल्या पेपरांवरून कळतं."

त्यानंतर त्या मॅडम डबा घेऊन लायब्ररीत जेवू लागल्या.

मुलींना त्यांची भीती वाटायची नाही, ह्याचं मला नवल वाटायचं. त्या त्यांना काहीही विचारायच्या. माकुळाला तीन हृदयं असतात, दोन कल्ल्यांपाशी आणि एक बाकीच्या अंगासाठी, हे शिकवून झाल्यावर एकीनं विचारलं, "सर, तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"माकुळं लग्नानंतर फार दिवस जगत नाहीत. अंडी घातली की संपलं. पुस्तकात आहे."

मुली हसल्या. तास संपला होता आणि मी मागे ट्रे पुसत होते. माझा नवरा लग्नानंतर सतरा वर्षं जगला, म्हणजे त्या मानानं बराच म्हणायचा.

आणखी एक. माकूळ संकटात मागे पळतं. गळ्याखाली एक नळी असते, तिच्यातून पाण्याची पिचकारी मारतं आणि डोळे शत्रूवर ठेवून मागच्या मागे जातं. सर प्रिन्सिपलच्या खोलीतून तसेच बाहेर यायचे. वळायचे नाहीत. बोलणं संपलं की एक पाऊल मागे, दोन पावलं मागे, डोळे प्रिन्सिपलवर, थेट दारापर्यंत. दाराबाहेर कुंड्यांची रांग होती. माझ्या डोळ्यांदेखत दोन फुटल्या. मग प्रिन्सिपलनीच कुंड्या हलवायला लावल्या, कारण सर चाल बदलणार नव्हते.

खरं बोलण्याचं त्यांचं वेड हे सगळ्यांत वाईट. रजेच्या अर्जावर कारण लिहायची जागा असते. लोक ताप लिहितात, आजी लिहितात. सरांनी लिहिलं, 'आज मन नाही.' ट्रस्टच्या सेक्रेटरींची भाची आमच्याकडे शिकत होती. सरांनी तिला नापास केलं. सेक्रेटरींनी बोलावून गोड विचारलं, "पेपर नीट तपासलात ना?"

"दोनदा तपासला," सर म्हणाले. "दुसऱ्या वेळी आणखी दोन मार्क गेले."

रजेच्या त्या अर्जाचं आणखी एक झालं. माकुळाच्या पोटात शाईची पिशवी असते, आणि पाठीत एक पारदर्शक काडी, पिसासारखी. त्या काडीला सर लेखणी म्हणायचे. म्हणायचे, "दऊत आणि लेखणी घेऊन जन्माला आलेला प्राणी, आणि एक अक्षर लिहीत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये उलट आहे." ते ती शाई काढून, गाळून, बाटलीत ठेवायचे आणि तिनं बरण्यांवरची लेबलं लिहायचे. तपकिरी काळी शाई. तिला वास येतो म्हणतात. मला तो वास वास वाटत नाही, मी त्यात वाढले. पण रजेचा अर्ज त्यांनी त्या शाईनं लिहून पाठवला आणि सेक्रेटरींनी तो वाचायला नाकाजवळ नेला. सेक्रेटरी म्हातारे, सोवळ्याचे, घरात लसूण न आणणारे. ते उठून मोरीकडे धावले ते अर्ध्या तासानं परत आले. त्याच दिवशी प्रिन्सिपलची चिठ्ठी आली, प्राणिशास्त्रातून ऑफिसात जाणारा कागद साध्या निळ्या शाईनं लिहावा. सरांनी चिठ्ठी वाचली, कानडीत 'सरी', म्हणजे ठीक, म्हणाले आणि पाळली. तेव्हापासून रोज सकाळी सरांच्या टेबलावरची दऊत निळ्या शाईनं भरून ठेवणं माझ्या कामात आलं. नियम पाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. फक्त नियम त्यांना पटावा लागे किंवा लेखी यावा लागे.

आता परीक्षेची गोष्ट.

माझे सहा महिने संपत आले त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक मॅडम येणार होत्या. बारा मुलींची तुकडी, प्रत्येकीला एक माकूळ. आदल्या दिवशी सर म्हणाले, "अक्का, उद्या मला प्रश्नांच्या चिठ्ठ्या करायच्या आहेत. तुम्ही एकट्या जा. बारा आणा, ताजे. ट्रेमध्ये मांडून ठेवा. नऊला मुली येतील."

एकटीनं जायची ही पहिली वेळ. भरवसा बसला असं मला वाटलं. मी पहाटेच्या बसनं गेले, बर्फातून निवडून बारा एकसारखी माकुळं घेतली. साडेसहाला लॅब उघडली आणि मागच्या नळाखाली बसले.

सहा महिने मी त्या लॅबमध्ये होते, पण तास चालू असताना दार लोटलेलं असायचं. मी आत जायची ती नंतर, धुवायला. तेव्हा ट्रेमध्ये जे दिसायचं त्यावरून माझी समजूत अशी झाली होती की ह्या मुलींना माकूळ साफ करायला शिकवतात. आणि फार वाईट शिकवतात. एकेका माकुळाला दोन तास लावायच्या, आणि शेवटी खाण्याजोगं काही उरायचं नाही. मुली सगळ्या भाजी-भाताच्या घरच्या, मला त्यांची कीव यायची. परीक्षेत तोंडी नावं विचारतात एवढं ऐकलं होतं. म्हटलं, बाहेरच्या मॅडम येणार. निदान परीक्षेच्या दिवशी तरी कॉलेजात नीट साफ केलेली माकुळं दिसू देत. पाहुणे येणार म्हटल्यावर कुणी पोट न काढता ताटात ठेवतं का?

डोकं धरून ओढायचं, आतलं सगळं त्याच्याबरोबर येतं. डोळ्यांखाली कापायचं. हातांच्या मधे पोपटासारखी चोच असते, ती दाबून काढायची. पाठीतली काडी उपसायची. ठिपक्याठिपक्यांची साल एका ओढीत सोलायची. शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं काळं होतं. तासाभरात बारा झाली. आईनं पाहिली असती तर तिनंही नाव ठेवलं नसतं. ट्रेमध्ये मांडली, पांढरीशुभ्र, शेजारी डोकी.

सव्वाआठला सर आले. पहिल्या ट्रेपाशी थांबले. मग दुसऱ्या. बाराही बघून झाले.

"अक्का, आतलं कुठं आहे?"

"काढलं, सर."

"सगळं?"

"सगळं. पण एकाचीही पिशवी फुटलेली नाही." मी शाबासकीची वाट पाहत होते.

सर स्टुलावर बसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "आतलं जे आहे, ते दाखवायचीच परीक्षा आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी दिराचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

"माझी नोकरी गेली का?"

"ते नंतर बघू की. बादली आणा."

बादली खिडकीखाली होती आणि खिडकीत मांजर होतं. त्यानं किती नेलं हे आजवर कळलेलं नाही. सरांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बादलीतलं सगळं मोठ्या ट्रेमध्ये ओतलं. सालींचं काही होण्यासारखं नव्हतं. बाकीच्याचे सरांनी चिमट्यानं ढीग लावले. कल्ले इकडं, हृदयं तिकडं, काड्या एका बाजूला, शाईच्या पिशव्या वाटीत. मला म्हणाले, "तुम्ही भरा."

"भरू?"

"वांगी भरता ना?"

वांगी मला येतात. सर एकेक वस्तू चिमट्यात धरून माझ्या हातात द्यायचे आणि नाव सांगायचे, आणि मी भरायची. "कल्ला, डावा. कल्ला, उजवा. हृदय. हृदय. हृदय, हे मधे. पोट. शाई, मागच्या बाजूला, हळू. लेखणी पाठीकडून." पाचव्या माकुळापर्यंत मला क्रम पाठ झाला. सातव्याला मी सांगू लागले आणि सर देऊ लागले. त्या अर्ध्या तासात मी जेवढं प्राणिशास्त्र शिकले तेवढं पुढे शिकले नाही. लागलंही नाही.

डोकी राहत नव्हती. टेकवली की गळून पडायची. पावणेनऊ झाले होते. माझ्या पिशवीत सुई आणि चाळीस नंबरचा पांढरा दोरा असतो, शिंप्याच्या बायकोच्या पिशवीत असणारच. मी न विचारता ओवला. प्रत्येक डोक्याला आतून दोन टाके, वर दिसणार नाहीत असे. सर बघत उभे होते.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"टाका चुकलाय?"

"टाका बरोबर आहे."

बारावं माकूळ शिवेपर्यंत घंटा झाली आणि मोजदाद बिघडली. वाटीत शाईची पिशवी उरायला नको होती, उरली नाही. पण कुठंतरी दोन गेल्या आणि कुठंतरी एकही नाही. हृदयांचं तर विचारूच नका.

परीक्षक मॅडम ठेंगण्या, गंभीर, हातात घड्याळ. सर आणि त्या कानडीत बोलत होते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. त्या दिवशी मी दाराबाहेर गेले नाही. कोपऱ्यात हातपुसणं धरून उभी राहिले. माझा हिशेब सोपा होता. सर खोटं बोलत नाहीत. मॅडम विचारणार. सर सांगणार. मग चिकपेटेतली खोली गेली.

मॅडमनी पहिल्या ट्रेपाशीच विचारलं, "हे इतके पांढरे कसे?"

"माकूळ घाबरलं की पांढरं पडतं," सर म्हणाले.

हे खरं आहे. मुलींच्या पुस्तकात आहे. फक्त ह्या माकुळांबद्दल नव्हतं.

मुलींनी कात्र्या चालवल्या. एकीनं पोट उघडलं आणि बोट तोंडात घातल्यासारखं केलं. मॅडम वाकल्या. "दोन शाईच्या पिशव्या? तुम्ही कधी पाहिलंत असं?"

"आजवर नाही," सर म्हणाले.

मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. माकुळाच्या अंगात एक मज्जातंतू असतो, फार जाड. जगभरातले डॉक्टर लोक त्याच्यावर अभ्यास करतात म्हणे. सर दर वर्षी फळ्यावर काढून सांगायचे की तो शिवणाच्या दोऱ्याएवढा असतो, पांढरा, मानेपाशी शोधा. दर वर्षी मुली शोधायच्या आणि कुणालाच मिळायचा नाही. त्या दिवशी पहिल्याच बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मिळाला." मग दुसरी. मग तिसरी. मानेपाशी, पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा. काहींना दोन मिळाले. एकीनं चिमट्यानं ओढून पाहिला, तो तुटला नाही. तुटणार नव्हताच, दोरा चांगल्या दुकानातला होता.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा गेला. "सर, माझ्या कॉलेजात इतक्या वर्षांत एकीलाही दाखवता आलेला नाही. तुमच्याकडे बाराच्या बारा जणींना?"

"इथंही आजवर कुणाला मिळाला नव्हता," सर म्हणाले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मॅडमना तो विनय वाटला असावा.

अकरा मुलींनी आकृतीत बाण काढून त्या तंतूचं मोठं इंग्रजी नाव लिहिलं. बाराव्या मुलीनं लिहिलं, 'दोरा.' ती फारशी हुशार नव्हती. मॅडम मार्क कापायला निघाल्या, तेव्हा सर त्या दिवसात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तिचे कापायचे नाहीत. तिला जे दिसलं ते तिनं लिहिलंय. इथं पूर्ण मार्क द्यायचे तर तिलाच द्यावे लागतील." थोडी वादावादी झाली. मॅडमनी शेवटी दिले. जाताना म्हणाल्या, "तुमचे विचार वेगळे आहेत, सर." सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि मागच्या मागे चालत परत आले.

दुपारी तीनला त्यांनी मला बोलावलं. "तुमचा शेरा आज द्यायचा आहे."

"काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"सगळं?"

"सगळं. मॅडमना विचारलं तेवढंच सांगितलं. शेऱ्यात तसं करता येत नाही. शेरा म्हणजे सगळं."

"सर, दोन मुली आहेत मला."

"माहीत आहे. मी लिहीत असताना बोलू नका."

मी ट्रे धुवायला बसले. रडले वगैरे नाही. ट्रे बारा होते आणि तळाच्या मेणात अडकलेलं काढायला नखं लागतात. सर दोन पानं लिहीत होते, इंग्रजीत. थांबून, खोडून, पुन्हा. चारला त्यांनी घडी न घालता कागद माझ्या हातात दिले.

"पाकीट?" मी विचारलं.

"पाकीट नको. उघडेच न्या."

लॅबपासून ऑफिसपर्यंत लांब व्हरांडा आहे आणि मधे पाण्याची टाकी आहे. टाकीपाशी मी थांबले. कागद आत टाकले असते तर भिजून गेले असते, आणि मी म्हटलं असतं वाऱ्यानं उडाले. पाच मिनिटं उभी होते. टाकले नाहीत. त्यात चांगुलपणा काही नव्हता. सरांनी दुसरे लिहिले असते, आणि त्यात टाकीचंही लिहिलं असतं.

ऑफिसात सेक्रेटरी बसलेले होते. कारकुनानं माझ्या हातातले कागद घेतले, मान मागे घेतली, आणि कायम करण्याच्या छापील फॉर्मखाली ते टाचणीनं अडकवले. सेक्रेटरींनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"प्राणिशास्त्राचं?"

"हो. अटेंडर कायम करायची आहे. शेरा जोडलाय."

"वाईट आहे का?"

कारकुनानं हात लांब करून पाहिलं. "दोन पानी आहे, स्वामी."

"वाईट असता तर दोन ओळींत झाला असता. त्या माणसानं कुणाबद्दल दोन पानं लिहिलीत म्हणजे कौतुकच असणार." त्यांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारायला लावला, आणि म्हणाले, "घेऊन जा, घेऊन जा. खिडकी उघड."

मी पक्की झाले. दिराला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." मुलींनी त्या दिवशी काय खाल्लं ते आठवत नाही. माकूळ नव्हतं, एवढं नक्की.

पण त्याआधी ऑफिसातून थेट लॅबमध्ये जाऊन मी सरांना सांगितलं, सेक्रेटरींनी सही केली. त्यांनी वर पाहिलं नाही. "वाचून केली?"

"माहीत नाही. केली."

"मग त्यांनी केली," सर म्हणाले आणि इडलीचा उरलेला चौदावा तुकडा तोंडात टाकला. त्यानंतर पाच-सहा वर्षं आम्ही एका लॅबमध्ये काम केलं आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. ते निवृत्त होऊन बेळगावला गेले आणि वर्षभरात वारले. हृदय बंद पडलं. एकच होतं.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि जुन्या फायली बाहेर काढल्या. कारकुनानं माझी फाइल मला दिली, म्हणाला, ठेवा नाहीतर रद्दीत जाईल. तोवर थोरली डिग्रीला होती. तिला मी शेरा वाचायला लावला. कागदांवरची शाई तपकिरी होती. तिनं आधी नाक मुरडलं, मग वाचलं, मग मला मराठीत सांगितलं.

"'या बाईंनी परीक्षेच्या सकाळी बाराही नमुने रिकामे केले. ते आम्ही दोघांनी मिळून पुन्हा भरले. कुठलं इंद्रिय कुठल्या प्राण्याचं, याची खात्री देता येत नाही. विद्यार्थिनींना सापडलेला मज्जातंतू हा चाळीस नंबरचा दोरा आहे. परीक्षकांशी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही, आणि तरी त्यांना फसवलं. नियमाप्रमाणे दोघांनाही कामावरून काढावं. आधी मला. बाईंनी पिशवी एकही फोडली नाही, हे नोंदवतो. माझ्याकडून दहातल्या नऊ फुटतात.'" तिनं कागद खाली ठेवला. "आई, ह्यात तुला काढा असं लिहिलंय. मग कायम कुणी केलं?"

मी फाइल तिच्या हातातून घेतली. ऑफिसला जाणारा कागद निळ्या शाईनं लिहायचा, ही लेखी चिठ्ठी सरांनी त्या एका दिवसाखेरीज कधी मोडली नाही. आणि त्या दिवशी निळी शाई नव्हती असंही नाही. सकाळी बाजारातून आल्यावर, माकुळांना हात लावायच्या आधी, सरांच्या टेबलावरची दऊत मी भरून ठेवली होती. संध्याकाळी टेबल पुसताना पाहिली, ती काठोकाठ तशीच होती. तेव्हा मला वाटलं, सर विसरले.